पावणेआठ वाजेपर्यंत

२७ नोव्हेंबर १९७३, संध्याकाळ

परळचं केईएम रुग्णालय. कुत्र्यांवरच्या प्रायोगिक शस्त्रक्रियांच्या विभागात काम करणाऱ्या परिचारिका अरुणा शानभाग ड्यूटी संपवून कपडे बदलायला तळघरात गेल्या. वय पंचवीस, गाव कर्नाटकातलं हळदीपूर, लग्न ठरलेलं. तिथलाच सफाई कामगार सोहनलाल वाल्मिकी याने कुत्रं बांधायची साखळी त्यांच्या गळ्याभोवती आवळली आणि त्यांच्यावर लैंगिक अत्याचार केला.

पहिली काही सेकंदं

गळ्यातल्या रक्तवाहिन्या दाबल्या गेल्या की दहा-पंधरा सेकंदांत शुद्ध हरपते. मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम दोन टक्के, पण शरीराला लागणाऱ्या प्राणवायूचा पाचवा हिस्सा एकटा मेंदू वापरतो, आणि शिल्लक म्हणून त्याच्याकडे जवळजवळ काहीच नसतं.

चौथं-पाचवं मिनिट

पेशींमधली ऊर्जा संपते, कॅल्शियम आत घुसतं आणि पेशी स्वतःलाच पोखरू लागतात. सगळा मेंदू एकदम जात नाही. आठवणी घडवणारा हिप्पोकॅम्पस, तोल सांभाळणाऱ्या लहान मेंदूतल्या पेशी, दृष्टीचं केंद्र, हे भाग फार लवकर बळी पडतात. अरुणांची दृष्टी अशीच गेली. बिघाड डोळ्यांत नव्हता, मेंदूत होता.

हृदय थांबलं तरी मेंदूच्या हाताशी एवढीच मिनिटं असतात. म्हणून हृदय थांबलेल्या माणसाचा पहिला उपचार त्याच्या शेजारी उभ्या असलेल्याने करायचा असतो: १०८ ला फोन, आणि रुग्णवाहिका येईपर्यंत छाती दाबत राहणं. प्रत्येक सोसायटीत आणि शाळेत हे शिकवलं गेलंच पाहिजे, असं मला कळकळीने वाटतं.

रात्र

अरुणा कोणाला सापडल्या नाहीत.

साखळीने केलेली इजा मिनिटांची होती. पण अशा इजेनंतर सूज, घसरणारा रक्तदाब, अपुरा श्वास आणि झटके तासागणिक मेंदूचा आणखी भाग खात जातात. मेलेल्या पेशी कोणी परत आणू शकत नाही. उरलेल्या राखता येतात, आणि अतिदक्षता विभागातले बहुतेक उपचार त्यासाठीच असतात. वेळेत सापडल्या असत्या तर अरुणांचं किती वाचलं असतं, हे कोणी छातीठोकपणे सांगणार नाही. पण एवढ्या मोठ्या रुग्णालयाच्या छताखाली ते राखण्याचे तास फरशीवर गेले, हे मला आजही सहन होत नाही.

२८ नोव्हेंबर, सकाळी ७.४५

एका सफाई कर्मचाऱ्याला त्या रक्ताच्या थारोळ्यात बेशुद्ध दिसल्या. मेंदूच्या मुळाला आणि मानेतल्या मज्जारज्जूला इजा झाली होती. पोलिसांत गुन्हा नोंदला गेला तो जबरी चोरीचा आणि खुनाच्या प्रयत्नाचा. लैंगिक अत्याचाराची नोंदच झाली नाही. वाल्मिकी सात वर्षांत सुटला.

पुढचे ७२ तास

हृदय थांबून शुद्ध गेलेल्या रुग्णांना थंड ठेवण्याचा उपचार २००२ मधल्या दोन चाचण्यांनंतर रूढ झाला. २०२१ च्या मोठ्या चाचणीत नुसता ताप रोखण्यापेक्षा त्याचा जास्त फायदा दिसला नाही. अरुणांच्या वेळी यातलं काहीच हाताशी नव्हतं. मात्र एक गोष्ट आज घरच्यांनी लक्षात ठेवावी: पुढे काय होईल याचा अंदाज डॉक्टर साधारणपणे ७२ तासांच्या आत बांधत नाहीत. तोवर आशा सोडायची घाई नको.

त्यानंतर ४१ वर्षं

वॉर्ड क्रमांक ४ शेजारची खोली. कूस बदलणं, अंग पुसणं, घास भरवणं. पालिकेने त्यांना हलवायचं ठरवलं तेव्हा परिचारिकांनी विरोध करून ते थांबवलं. अरुणांना शांतपणे मरू द्यावं, या पत्रकार पिंकी विराणी यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या तीन डॉक्टरांनी जानेवारी २०११ मध्ये तपासलं, तेव्हा बोटं आखडलेली होती, पण अंगावर एकही शय्याव्रण नव्हता. सप्टेंबर २०१० मध्ये मलेरिया होईपर्यंत त्या तोंडाने जेवत होत्या, आणि मासे किंवा चिकन सूप दिलं की हसतात, असं परिचारिकांनी सांगितलं. उपचाराचं नाव कोणी देवो न देवो, मी याला उपचारच म्हणते.

७ मार्च २०११ ला न्यायालयाने याचिका फेटाळली, पण अशा रुग्णाचे जीवरक्षक उपचार थांबवण्याची वाट उच्च न्यायालयाच्या परवानगीने खुली केली. अरुणा १८ मे २०१५ च्या सकाळी न्यूमोनियाने गेल्या. गिळण्याची ताकद कमी असलेल्या, वर्षानुवर्षं अंथरुणावर असलेल्या रुग्णाला न्यूमोनियाचाच धोका सर्वांत मोठा असतो.