सॅक्रामेंटोचा इतिहास

सॅक्रामेंटो हे अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांमधील कॅलिफोर्निया राज्याच्या राजधानीचे शहर आहे. सॅक्रामेंटो आणि अमेरिकन या दोन नद्यांच्या संगमावर ते वसलेले असून २०२० च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या ५,२४,९४३ होती. १८४८ मधील सोन्याच्या शोधानंतर अवघ्या काही महिन्यांत येथे नगर उभे राहिले. जलमार्गाने चालणाऱ्या व्यापाराच्या सोयीसाठी ही जागा निवडली गेली. परंतु ती सखल आणि पूरप्रवण होती. त्यामुळे नदीशी चाललेला संघर्ष हा या शहराच्या इतिहासाचा मध्यवर्ती धागा ठरला आहे.

मूळ रहिवासी

संगमाच्या परिसरात युरोपीय लोक येण्यापूर्वी हजारो वर्षांपासून निसेनान आणि मैदानी मिवोक या मूळ अमेरिकी जमातींची वस्ती होती. ओक वृक्षाची फळे, सामन मासे आणि शिकार यांवर त्यांचा निर्वाह चाले. पावसाळी हिवाळ्यात नद्या पात्राबाहेर पसरतात, हे ओळखून त्यांनी आपली गावे काठावरील उंचवट्यांवर वसवली होती. अमेरिकन नदीच्या मुखाजवळील पुसुने हे निसेनानांचे एक प्रमुख गाव होते.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी स्पॅनिश अधिकारी गॅब्रिएल मोरागा याने या खोऱ्याच्या शोधमोहिमा केल्या. सॅक्रामेंटो हे नाव त्याच्या १८०८ मधील मोहिमेशी जोडले जाते. स्पॅनिश भाषेत हा शब्द ख्रिस्ती धर्मातील पवित्र संस्काराचा वाचक आहे. १८३३ मध्ये हिवतापाच्या भीषण साथीने मध्य खोऱ्यातील मूळ रहिवाशांचा मोठा भाग मृत्युमुखी पडला. पुढे आलेल्या वसाहतकारांना ही भूमी विरळ वस्तीची दिसली, त्यामागे या साथीचे मोठे कारण होते.

नवी हेल्वेशिया

जॉन सटर हा मूळचा जर्मन प्रदेशात जन्मलेला आणि स्वित्झर्लंडमध्ये राहिलेला व्यापारी. कर्जबाजारी झाल्यामुळे कुटुंब मागे ठेवून १८३४ मध्ये तो अमेरिकेस निघाला आणि अनेक ठिकाणी फिरत १८३९ मध्ये कॅलिफोर्नियात पोहोचला. त्या वेळी हा प्रदेश मेक्सिकोच्या ताब्यात होता. गव्हर्नर हुआन बाउतिस्ता आल्वारादो याने १८४१ मध्ये सटरला सुमारे ४८,००० एकर जमीन इनाम दिली. सटरने आपल्या वसाहतीस स्वित्झर्लंडच्या लॅटिन नावावरून ‘नवी हेल्वेशिया’ असे नाव दिले आणि नदीपासून काही अंतरावर, तुलनेने उंच जागी, कच्च्या विटांचा किल्ला बांधला. त्याच्यासोबत आलेल्या हवाई बेटांवरील स्त्रीपुरुषांनीही वसाहतीच्या उभारणीत श्रम केले.

वसाहतीची शेती, गुरेढोरे आणि उद्योग मुख्यतः मूळ अमेरिकी मजुरांवर अवलंबून होते. काही मजुरांना केवळ सटरच्याच दुकानात चालणाऱ्या धातूच्या चकत्या मोबदला म्हणून मिळत. अनेकांकडून बळजबरीने काम करून घेतले जाई. जनावरांच्या गव्हाणीसारख्या लाकडी डोणींतून त्यांना अन्न दिले जात असे, अशी नोंद समकालीन प्रवाशांनी केली आहे. दुसरीकडे, पूर्वेकडून पर्वत ओलांडून येणाऱ्या स्थलांतरितांसाठी हा किल्ला आश्रयस्थान होता. १८४७ मध्ये सिएरा नेवाडातील हिमवर्षावात अडकलेल्या डॉनर तांड्यातील वाचलेल्या लोकांनाही येथेच आणण्यात आले.

सोन्याचा शोध आणि शहराची स्थापना

२४ जानेवारी १८४८ रोजी अमेरिकन नदीच्या काठी कोलोमा येथे सटरसाठी लाकूड कापण्याची गिरणी बांधत असताना जेम्स मार्शल यास सोने सापडले. त्यानंतर नऊ दिवसांनी, २ फेब्रुवारीला झालेल्या ग्वादालुपे-हिदाल्गोच्या तहाने मेक्सिकोने कॅलिफोर्निया अमेरिकेच्या स्वाधीन केला. सोन्याची वार्ता पसरताच सटरचे मजूर खाणींकडे निघून गेले आणि त्याच्या जमिनीवर आगंतुकांनी ताबा मिळवला.

नवे नगर नदीच्या खालच्या अंगास, काहीशा उंच भूमीवर वसवावे, अशी सटरची योजना होती. सटरव्हिल या नावाने त्याची आखणीही सुरू झाली होती. परंतु व्यापाऱ्यांचे हित संगमाजवळील धक्क्यात होते. सॅन फ्रान्सिस्कोहून नदीमार्गे आलेला माल तेथे उतरे आणि तेथूनच खाणींकडे जाई. व्यापारी सॅम्युअल ब्रॅनन याच्या प्रोत्साहनाने सटरचा पुत्र जॉन सटर (धाकटा) याने डिसेंबर १८४८ मध्ये धक्क्यालगतच्या सखल जमिनीवर नगररचना करवून घेतली. लष्करी अधिकारी विल्यम वॉर्नर याने चौकटीसारखी आखणी केली. एका दिशेच्या रस्त्यांना अक्षरांची व दुसऱ्या दिशेच्या रस्त्यांना अंकांची नावे दिली गेली. शहराच्या मध्यभागात ही पद्धत आजही कायम आहे. सटरव्हिल मागे पडले आणि व्यापार पुराच्या वाटेवरच स्थिरावला.

२७ फेब्रुवारी १८५० रोजी विधिमंडळाने सॅक्रामेंटोच्या नगरसनदेस मान्यता दिली. त्यामुळे हे कॅलिफोर्नियातील सर्वांत जुने सनदप्राप्त शहर मानले जाते.

आरंभीची संकटे

पहिल्या काही वर्षांत शहरावर एकामागून एक आपत्ती कोसळल्या. जानेवारी १८५० च्या पुरात जवळजवळ संपूर्ण शहर जलमय झाले. त्या वेळी मातीचे बांध घालण्याच्या कामात पुढाकार घेणारा हार्डिन बिगेलो हा नंतर महापौर म्हणून निवडून आला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये जमिनीच्या मालकीवरून सशस्त्र दंगल उसळली. सटरचे इनाम अवैध असून जमीन सर्वांना खुली आहे, असा ताबेदारांचा दावा होता, तर भूखंड विकत घेतलेल्यांची सारी गुंतवणूक त्या इनामावर आधारलेली होती. दंगलीत अनेक जण ठार झाले, बिगेलो गंभीर जखमी झाला आणि दुसऱ्या दिवशी शेरीफ जोसेफ मॅकिनी मारला गेला.

ऑक्टोबर १८५० मध्ये कॅलिफोर्नियास राज्याचा दर्जा मिळाल्याची वार्ता पोहोचली, त्याच सुमारास पटकीची (कॉलरा) साथही जलमार्गाने शहरात शिरली. शेकडो लोक दगावले आणि बहुसंख्य रहिवासी शहर सोडून गेले. रुग्णांची सेवा करणाऱ्या अनेक डॉक्टरांचाही त्यात अंत झाला. जखमांतून सावरत असलेला बिगेलो याच साथीला बळी पडला. नोव्हेंबर १८५२ मधील आगीत शहराचा बहुतांश भाग भस्मसात झाला. त्यानंतर विटांच्या इमारती बांधण्याकडे कल वाढला.

जमिनीच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने १८५० च्या दशकाच्या अखेरीस नव्या हेल्वेशियाचे इनाम ग्राह्य धरले. तथापि तोपर्यंत सटरची बहुतेक मालमत्ता हातची गेली होती. काँग्रेसकडे नुकसानभरपाई मागत असतानाच १८८० मध्ये वॉशिंग्टन येथे त्याचे निधन झाले.

राजधानीचा मान

राज्याच्या स्थापनेनंतर राजधानी सॅन होजे, व्हॅलेहो आणि बेनिशिया अशी फिरत राहिली. १८५२ मध्ये सॅक्रामेंटो येथे अल्पकाळ अधिवेशन भरले आणि १८५४ मध्ये ही राजधानी म्हणून निश्चित झाली. खाणी व बंदर यांना जोडणारे स्थान आणि शहराने देऊ केलेल्या सोयी यांचा या निर्णयात वाटा होता. विधानभवनाचे बांधकाम १८६० मध्ये सुरू झाले आणि १८७४ मध्ये पूर्ण झाले.

१८६१-६२ चा महापूर आणि रस्त्यांची उंची

डिसेंबर १८६१ ते जानेवारी १८६२ या काळातील अतिवृष्टीने कॅलिफोर्नियाचे मध्य खोरे विस्तीर्ण जलाशयासारखे झाले. १० जानेवारी १८६२ रोजी नवनिर्वाचित गव्हर्नर लीलंड स्टॅनफर्ड यास शपथविधीसाठी होडीतून जावे लागले. त्यानंतर विधिमंडळाने आपले कामकाज तात्पुरते सॅन फ्रान्सिस्कोला हलवले.

शहर अन्यत्र नेण्याऐवजी नागरिकांनी ते वर उचलण्याचा मार्ग पत्करला. मध्यवर्ती व्यापारी भागात रस्त्यांच्या दोन्ही कडांना विटांच्या भिंती बांधून मधल्या जागेत मातीचा भराव घालण्यात आला. काही ठिकाणी रस्ते दहा फुटांहून अधिक उंच झाले. रस्त्यालगतच्या इमारती आणि पदपथ यांची जबाबदारी मालकांवर होती. ज्यांना परवडले त्यांनी स्क्रू जॅकच्या साहाय्याने संपूर्ण इमारती उचलून घेतल्या. इतरांनी तळमजल्याचे तळघर केले आणि वरच्या मजल्यावर नवे दार पाडले. हे काम सुमारे दशकभर चालले. त्याच काळात अमेरिकन नदीचे मुख उत्तरेकडे वळवण्यात आले. उंच झालेल्या पदपथांखालील पोकळ जागा जुन्या सॅक्रामेंटोत आजही पाहावयास मिळतात.

रेल्वे आणि चिनी कामगार

१८५६ मध्ये सॅक्रामेंटो ते फॉल्सम हा लोहमार्ग सुरू झाला. त्याचा अभियंता थिओडोर जुडा याने सिएरा नेवाडा ओलांडणाऱ्या मार्गाची योजना मांडली. तिला स्टॅनफर्ड, कॉलिस हंटिंग्टन, मार्क हॉपकिन्स आणि चार्ल्स क्रॉकर या चार स्थानिक व्यापाऱ्यांनी पाठबळ दिले. ८ जानेवारी १८६३ रोजी सॅक्रामेंटो येथे सेंट्रल पॅसिफिक रेल्वेच्या कामाचा प्रारंभ झाला. १० मे १८६९ रोजी युटामधील प्रॉमोंटरी समिट येथे हा मार्ग पूर्वेकडून आलेल्या युनियन पॅसिफिकच्या मार्गास जोडला गेला.

पर्वतातील कामगारांत बहुसंख्य चिनी होते. त्यांना गोऱ्या कामगारांपेक्षा कमी मोबदला मिळे. समान वेतन व कामाचे कमी तास यांसाठी त्यांनी १८६७ मध्ये संपही केला. सॅक्रामेंटोतील चिनी वस्ती आय रस्त्यालगत, पाणी साचणाऱ्या ओहोळाच्या काठी होती. शहरातील ही जागा इतरांना नकोशी होती आणि पुराचा फटकाही तिला प्रथम बसे. सॅन फ्रान्सिस्कोच्या खालोखाल महत्त्वाचे म्हणून चिनी लोक सॅक्रामेंटोस ‘दुसरे शहर’ म्हणत.

गाळाचा प्रश्न

नदीपात्रातील वरवरचे सोने संपल्यावर खाणमालकांनी पाण्याच्या जोरदार झोताने डोंगर फोडण्याची पद्धत अवलंबिली. त्यातून सुटलेला राडारोडा नद्यांतून खाली आला, पात्रे उथळ झाली आणि तीच उंची राखणारे बांध पूर अडवण्यास अपुरे पडू लागले. ज्या सोन्यामुळे शहर जन्मले, त्याच्याच उत्खननाने त्याचे अस्तित्व धोक्यात आले. खोऱ्यातील शेतकऱ्यांनी न्यायालयात धाव घेतली आणि १८८४ मध्ये न्यायाधीश लोरेंझो सॉयर याने नद्यांमध्ये राडारोडा सोडण्यास मनाई केली. पर्यावरणीय हानीविषयीच्या अमेरिकेतील आरंभीच्या निर्णयांत या निकालाची गणना होते.

यानंतर पूरनियंत्रणाचे धोरणही पालटले. सर्व पाणी मुख्य पात्रातच कोंडणे अशक्य असल्याचे मान्य करून पश्चिमेकडील सखल प्रदेशात ते वळवण्याची योजना आखली गेली. १९१६ मध्ये सॅक्रामेंटो सांडवा बांधला गेला आणि १९१७ मध्ये काँग्रेसने व्यापक पूरनियंत्रण प्रकल्पास मंजुरी दिली. योलो बायपास नावाने ओळखला जाणारा हा प्रदेश उन्हाळ्यात भात व अन्य पिकांची शेतजमीन असतो, तर महापुरात मुख्य पात्रापेक्षा अधिक पाणी वाहून नेतो.

विस्थापन आणि पुनर्विकास

१९४२ मध्ये दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, कार्यकारी आदेश ९०६६ अन्वये, सॅक्रामेंटोतील जपानी वंशाच्या रहिवाशांना घरे व व्यवसाय सोडून छावण्यांमध्ये जावे लागले. त्यांत अमेरिकेत जन्मलेले नागरिकही होते. परतलेल्यांनी नदी व विधानभवन यांमधील वेस्ट एंड भागात पुन्हा जम बसवला. घरविक्रीवरील वांशिक निर्बंधांमुळे कृष्णवर्णीय, मेक्सिकन व आशियाई कुटुंबेही तेथे एकवटली होती. १९५० च्या दशकात पुनर्विकासासाठी या भागातील बरीच घरे व दुकाने पाडण्यात आली आणि जपानी वस्ती दुसऱ्यांदा उठली. पुढे आंतरराज्य महामार्ग ५ ने शहर आणि नदीकाठ यांच्यात आणखी अंतर पाडले. धक्क्यालगतच्या जुन्या इमारतींचा काही भाग मात्र वाचवण्यात आला. जुने सॅक्रामेंटो १९६५ मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ घोषित झाले.

आधुनिक काळ

१९५० च्या दशकाच्या मध्यास अमेरिकन नदीवर फॉल्सम धरण पूर्ण झाले आणि पुराचा प्रश्न सुटल्याची भावना पसरली. फेब्रुवारी १९८६ च्या अतिवृष्टीने ती फोल ठरवली. धरणातून सोडलेले पाणी बांधांच्या प्रतिसेकंद १,१५,००० घनफूट या आराखडा-क्षमतेपलीकडे गेले आणि शहर थोडक्यात बचावले. त्यानंतर बांधांचे मजबुतीकरण हाती घेण्यात आले. २०१७ मध्ये धरणाचा अतिरिक्त सांडवा पूर्ण झाला. नॅटोमस या सखल उपनगरी भागात, बांध पुरेसे सुरक्षित नसल्यामुळे, २००८ ते २०१५ या काळात नवी बांधकामे जवळजवळ थांबवण्यात आली होती.

शहराच्या स्थापनेविषयीचा दृष्टिकोनही बदलत आहे. सटरचा किल्ला राज्य ऐतिहासिक उद्यान म्हणून जतन केलेला आहे. मात्र मूळ अमेरिकी मजुरांच्या वाट्याला आलेल्या वागणुकीची चर्चा वाढल्यानंतर २०२० मध्ये शहरातील एका रुग्णालयासमोरचा सटरचा पुतळा हटवण्यात आला.