सूक्ष्मयंत्रांच्या सॉफ्टवेअरची कुळकथा

ईश्वरपूरजवळ (पूर्वीचे इस्लामपूर) राजारामनगरला १९८३ पासून अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. तिथल्या विद्यार्थ्याला सिलिकॉनचा सूक्ष्म संवेदक करायचा झाला, तर कोरीवकामाची सोय आयआयटी मुंबईसारख्या दूरच्या संस्थेत. त्यामुळे आधी सगळी पारख संगणकावर करावी लागते आणि सॉफ्टवेअर कोणते निवडायचे, हा प्रश्न पहिल्याच दिवशी समोर येतो.

या सॉफ्टवेअरचा जन्म एका पेचातून झाला. दोन समांतर पट्ट्यांना व्होल्टेज दिले की त्यांतली लवचिक पट्टी दुसरीच्या दिशेने ओढली जाते. फट कमी होताच ओढ वाढते. पट्टी फटीच्या एक तृतीयांशापलीकडे सरकली की खाडकन चिकटते. हाच ‘पुल-इन’. हार्वे नेथन्सन आणि सहकाऱ्यांनी १९६७ मध्ये वेस्टिंगहाउस कंपनीत त्याचे गणित मांडले.

त्याच कंपनीतून बाहेर पडलेल्या जॉन स्वॉन्सन यांनी १९७० मध्ये ‘ॲन्सिस’ची कंपनी काढली. तेव्हाचे ॲन्सिस वाकणे आणि ताण मोजणारे होते. बर्कलीचे ‘स्पाइस’ १९७३ मध्ये आले, ते विद्युतमंडलापुरते. पुल-इनला मात्र वाकण्याची आणि विजेची अशी दोन्ही गणिते एकत्र सोडवावी लागतात.

ती सांगड एमआयटीत बसली. तिथल्या स्टीफन सेंच्युरिया यांच्या ‘मेमकॅड’मधून पुढे ‘कोव्हेंटरवेअर’ आले. तिथेच शिकलेल्या फरिबर्झ मसीह यांनी १९९१ मध्ये ‘इंटेलिसेन्स’ कंपनी स्थापली, ‘इंटेलिसूट’ तिचेच. दोन्हींना मास्क (कोरायच्या नक्षीचे साचे) आणि थरांची भाषा कळते, म्हणून कारखान्याची प्रक्रिया ठरली असेल तिथे ती उपयोगी. स्टॉकहोमचे ‘फेमलॅब’ १९९८ चे. २००५ मध्ये त्याचे ‘कॉमसोल’ झाले. उष्णता, द्रव, वीज अशी समीकरणे हवी तशी जोडायची असतील तर ते सोयीचे. हातात पैसा नसेल, तर फिनलंडचे ‘एल्मर’ मोफत आहे.

ही विद्या भारतातही पोचली. सेंच्युरियांच्या एमआयटीत संशोधन केलेले जी. के. अनंतसुरेश पुढे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत आले. ‘एनपीमास’ या राष्ट्रीय कार्यक्रमाने देशभरच्या महाविद्यालयांत मेम्स (म्हणजे सूक्ष्मयंत्रांची) डिझाइन केंद्रे उघडली आणि ही महागडी साधने विद्यार्थ्यांच्या हाती दिली.

निवड करताना पहिली कसोटी पुल-इनचीच घ्यावी. पट्टी १०० बाय १०० मायक्रॉनची, फट २ मायक्रॉनची आणि स्प्रिंगचा ताठपणा मीटरला १ न्यूटन धरला, तर कागदावर सुमारे ५.२ व्होल्ट निघतात. चांगले सॉफ्टवेअर याहून किंचित कमी आकडा दाखवते, कारण कडांवरून बाहेर फाकणारे विद्युतक्षेत्रही ते हिशेबात धरते.