भिंत झाली, पण धुराडं कुठे गेलं?



दसरा काढायचे दिवस आले. पोपडे खरवडायचे, भिंती लिंपायच्या. कुणाच्या घरी मातीची भिंत उतरवून विटांची होतेय. अशा वेळी सगळ्यात आधी हलते ती चूल. चार दिवस अंगणात तीन दगडांवर भाकरी होते. मग भिंत उभी राहते, चूल परत आत येते. पण चुलीचं धुराडं परत येतं का? आज त्याचीच गोष्ट सांगते.

आपल्या आज्यांच्या चुलीला धुराडं नव्हतंच. थोडा धूर कौलांतून जायचा, उरलेला बाईच्या छातीत. १९३४ साली वर्ध्यात अखिल भारत ग्रामोद्योग संघ सुरू झाला. त्याचं ठिकाण मगनवाडी. तिथलीच ती मगन चूल. मातीची, पण नळातून धूर बाहेर सोडणारी. १९५३ साली हैदराबादच्या अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळेतल्या डॉ. एस. पी. राजूंनी बिनधुराच्या स्वयंपाकघरावर पुस्तिका काढली. पुढे १९८३ साली केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. तो २००२ पर्यंत चालला. त्यात देशभर तीन कोटींहून जास्त चुली बसल्याची सरकारी नोंद आहे.

त्यातली एक आमच्या घरी होती. मी तेव्हा शाळेत होते. चूल, शेजारी वैल, आणि मागच्या भिंतीतून बाहेर गेलेला नळ. आईचे डोळे चुरचुरायचे थांबले. दोन वर्षांनी पावसात ती भिंत फुगली. चूल फोडावी लागली, नळ गोठ्यात ठेवला. गवंड्याने भिंत झकास केली, आणि नळाचं भोकही बुजवून टाकलं.

आई म्हणाली, "अहो, तिथं नळ होता ना."

वडील म्हणाले, "नव्या भिंतीला लगेच भोक कशाला? बघू नंतर."

ते 'नंतर' कधी आलंच नाही. नळ गोठ्यात फुटला. आई पुन्हा फुंकणी घेऊन खोकत बसली. सरकारच्या वहीत मात्र आमच्या घरी निर्धूर चूल होती. चूल बसली त्या दिवशी नोंद झाली, भिंत दुरुस्त झाल्यावर विचारायला कुणी आलं नाही. आणि भिंतीचा निर्णय घेताना चुलीपुढे बसणारीला आमच्या घरातही कुणी विचारलं नाही.

२०१६ साली उज्ज्वला योजना आली, गॅस आला. तरी सिलिंडर संपला की, अंघोळीचं पाणी तापवायचं असलं की, चूल पेटतेच. म्हणून काम काढण्याआधी एवढं करा. चूल काढायच्या आधी नळाचं भोक जमिनीपासून आणि कोपऱ्यापासून किती लांब आहे ते दोरीने मोजा, दोरीला गाठ मारून ठेवा. नळ काढला की आतली काजळी झाडा आणि तो पाय लागणार नाही अशा जागी ठेवा. गिलावा करण्याआधी त्याच जागी नळाचा तुकडा भिंतीत बसवून घ्या, म्हणजे गिलावा त्याच्याभोवती होईल आणि नवी भिंत फोडावी लागणार नाही. हे गवंड्याशी मजुरी ठरवतानाच बोला, आणि तुम्ही स्वतः बोला.

भिंत घराची आहे, तसा श्वासही घरातल्या बाईचा आहे. येत्या बैठकीत एकमेकींना विचारा, तुझं धुराडं जागेवर आहे का गं?