संगणकावर चालते, टीव्हीवर का नाही?

साधारण २००० ते २०१० या दहा वर्षांत आपल्या घरांमधून एक वाक्य फार ऐकू येत असे : "अहो, संगणकावर तर व्यवस्थित चालत होती!" मुंजीची, बारशाची किंवा मंडळाच्या नाटकाची सीडी हौसेने संगणकावर राइट करायची, वर नाव घालायचे आणि पाहुणे जमले की दिवाणखान्यातल्या प्लेयरमध्ये सरकवायची. थोडी घरघर होई आणि पडद्यावर 'नो डिस्क' अशी अक्षरे उमटत. घरची मंडळी मुलाकडे पाहत, मुलगा कोऱ्या सीडीच्या दुकानदाराला नावे ठेवी आणि दुकानदार प्लेयरला. बहुतेक वेळा दोष या तिघांपैकी कोणाचाच नसे. तो कोठे होता हे समजून घ्यायचे तर १९८२ सालापर्यंत मागे जावे लागते.

त्या वर्षी फिलिप्स आणि सोनी यांची कॉम्पॅक्ट डिस्क बाजारात आली ती केवळ संगीतासाठी. व्यास १२० मिलिमीटर, वेळ ७४ मिनिटे आणि वाचनाचा वेग सेकंदाला सुमारे १४ लाख बिट. चित्रपट तिच्यावर मावावा असा विचार त्यात नव्हता. पुढे १९८८ मध्ये लिओनार्दो किआरिल्योने यांच्या पुढाकाराने 'एमपेग' ही तज्ज्ञांची समिती सुरू झाली. तिचे पहिले काम म्हणजे हलते चित्र एवढे आवळायचे, की ते सीडीच्या त्या ठरलेल्या वेगात बसावे. आम्हा रेल्वेवाल्यांना हे लगेच कळते : रूळ आधीच टाकलेले, गाडी नंतर त्यांच्या मापाने बनवायची.

१९९३ मध्ये व्हिडिओ सीडीचे नियमपुस्तक ठरले. आपल्याकडच्या पाल पद्धतीच्या टीव्हीसाठी चित्र ३५२ गुणिले २८८ ठिपक्यांचे, सेकंदाला २५ चौकटी. चित्राला सेकंदाला साडेअकरा लाख बिट, आवाजाला सव्वादोन लाखांच्या आत. बेरीज करा, संगीताच्या सीडीचाच वेग येतो. म्हणून ७४ मिनिटांच्या सीडीवर चित्रपटही ७४ मिनिटांचाच मावे आणि हिंदी सिनेमाला दोन, कधी तीन तबकड्या लागत. त्याच वर्षी चीनमध्ये वान्यान कंपनीने पहिला व्हीसीडी प्लेयर काढला. पुढे तिकडचे स्वस्त प्लेयर आपल्याकडे गल्लोगल्ली पोहोचले.

या प्लेयरमध्ये संगणक नव्हता, हे मुख्य. आत एक चिप, आणि तिला त्या नियमपुस्तकापलीकडे काहीही ठाऊक नाही. संगणकाला एखादी फाइल उलगडता आली नाही तर नवे सॉफ्टवेअर घालता येते. चिपला नवे शिकवता येत नाही. मीटरगेजच्या १००० मिलिमीटर रुळांवर १६७६ मिलिमीटरचा ब्रॉडगेज डबा कितीही नवाकोरा आणा, तो उभा राहणार नाही. तशातलाच हा प्रकार. प्लेयर तबकडीवर 'एमपेगएव्ही' नावाचे फोल्डर आणि त्यात 'एव्हीसेक०१.डॅट' ही फाइल मिळण्याची अपेक्षा धरून असे. लोक मात्र संगणकातली व्हिडिओ फाइल ओढून जशीच्या तशी 'डाटा सीडी' म्हणून राइट करत. संगणकाला ती दिसे, बऱ्याच प्लेयरना दिसत नसे. नीरो प्रोग्राममध्ये 'व्हिडिओ सीडी' हा पर्याय निवडला की निम्म्या तक्रारी मिटत. (नीरोचे पूर्ण नाव 'नीरो बर्निंग रॉम'. रोम जळत असताना फिडल वाजवणाऱ्या बादशहाच्या दंतकथेवरची ही कोटी.) फाइल अमेरिकी एनटीएससी पद्धतीची असेल तर पुढची पायरी चुके. जुन्या, फक्त पाल जाणणाऱ्या टीव्हीवर चित्र काळेपांढरे दिसे किंवा वरखाली फिरत राही.

आणखी एक कोडे अनेकांना पडे. सीडीवर छापलेले ७०० एमबी, मग तिच्यावर जवळजवळ ८०० एमबीची व्हीसीडी कशी मावते? याचे उत्तर खानाखान्यांत आहे. सीडीवरच्या प्रत्येक खान्यात डाटा भरला तर २०४८ बाइट मावतात; उरलेली बरीचशी जागा चुका सुधारण्याच्या हिशेबात जाते. व्हीसीडीने त्या हिशेबातला मोठा भाग काढून टाकला आणि खान्यात २३२४ बाइट भरले. पत्रातले एक अक्षर चुकले तर अनर्थ होईल, पण चित्रातला एखादा ठिपका चुकला तर चालेल, असा तो सौदा होता. म्हणूनच ओरखडा पडला की व्हीसीडीवर आधी चौकोन चौकोन दिसतात, मग चित्र गोठते.

घरी राइट केलेल्या तबकडीची अडचण वेगळीच. कारखान्यातल्या सीडीवर खळगे ठशाने उठवलेले असतात. सीडी-आरमध्ये सेंद्रिय रंगाचा थर असतो आणि लेसरने तो जागोजागी बदलला जातो. हा रंग ७८० नॅनोमीटरच्या, म्हणजे सीडी प्लेयरच्या, लेसरसाठी बेतलेला. सुरुवातीच्या काही डीव्हीडी प्लेयरमध्ये फक्त ६५० नॅनोमीटरचा लेसर होता. त्या प्रकाशाला हा रंग परत फेकत नसे, आणि महागडा नवा प्लेयर शेजारच्या जुन्या प्लेयरवर चालणारी सीडी नाकारी. पुन्हा पुन्हा लिहिता येणाऱ्या सीडी-आरडब्ल्यूचे उलट. तिच्यावरून परतणारा प्रकाश इतका क्षीण, की जुने प्लेयर तिला ओळखतच नसत.

राइट करतानाचा धोका निराळा. लेसर एकदा सुरू झाला की थांबता कामा नये, आणि संगणकाकडून माहिती क्षणभर उशिरा आली की तबकडी वाया. त्या काळात सीडी राइट होत असताना माउसलाही हात लावू नका, अशी घरात ताकीद असे. २००० मध्ये सान्योने थांबून पुन्हा त्याच जागेवरून लिहिण्याची युक्ती ड्राइव्हमध्ये आणली आणि हा त्रास गेला. भारनियमनावर मात्र त्यांच्याकडेही उपाय नव्हता. फुकट गेलेल्या सीड्यांनी रिक्षांचे आरसे आणि शेतातली बुजगावणी सजली.

डीव्हीडी १९९६ मध्ये आली आणि चित्र झाले ७२० गुणिले ५७६ ठिपक्यांचे. पण कोऱ्या तबकडीवरून कंपन्यांत भांडण लागले : वजावाली डीव्हीडी-आर आणि अधिकवाली डीव्हीडी+आर. २००२ च्या अखेरीस दोन्ही लिहिणारा ड्राइव्ह आला. पण जुन्या प्लेयरचे काय? तबकडीच्या सुरुवातीला तिची जात नोंदलेली असते आणि 'अधिक' ही जात त्यांच्या यादीत नव्हती. मग जाणकार मंडळी अधिकवाल्या तबकडीवर 'डीव्हीडी-रॉम' अशी खोटी जात लिहीत आणि प्लेयर मुकाट चालवी! तबकडी फाइनलाइज करायची राहिली, तर मात्र ही युक्तीही कामाची नसे.

आकारमानाचीही एक फसगत होती. वेष्टनावर ४.७ जीबी, संगणक दाखवी सुमारे ४.३७. कारखाना हजाराने मोजतो, संगणक १०२४ ने. चोरी कोणाचीच नाही. दोन तासांचे नाटक बसवायचे तर ४.७ अब्ज बाइटचे ३७.६ अब्ज बिट भागिले ७२०० सेकंद, म्हणजे आवाजासकट सेकंदाला ५२ लाख बिटांपर्यंतच जाता येते. एवढा त्रैराशिकाचा हिशेब आधी केला की फाइल मावत नाही अशी तक्रार उरत नसे. आवाजाचा नियमही बदलला होता : सीडीला सेकंदाला ४४,१०० नमुने, डीव्हीडीला ४८,०००.

हँडीकॅमवाल्यांना सर्वांत छळले ते ओळींच्या क्रमाने. त्या काळी टीव्हीचे चित्र दोन हप्त्यांत येई, आधी एकाआड एक ओळी, मग उरलेल्या. मिनी-डीव्ही कॅसेटवर खालचा हप्ता आधी असतो. रूपांतर करताना वरचा आधी असे सांगितले, की टीव्हीवर माणूस चालताना पुढे-मागे थरथरे. संगणक दोन्ही हप्ते एकदमच दाखवत असल्याने तिथे काही कळत नसे. हे कारण न समजल्याने किती लग्नांच्या तबकड्या तशाच थरथरत राहिल्या असतील!

१९९९ नंतर डिव्हएक्सच्या फाइली पसरल्या. त्यांत एमपीथ्री आवाज बदलत्या वेगाने आवळलेला असेल, तर डीव्हीडीत रूपांतर केल्यावर अर्ध्या तासाने ओठ एकीकडे आणि संवाद दुसरीकडे. आवाज आधी साध्या वेव्ह फाइलमध्ये काढून घेणे हा त्यावरचा उपाय. २००३ पासून डिव्हएक्स जाणणारे प्लेयर येऊ लागले, मग यूएसबीचे भोक आले आणि तबकडी राइट करण्याची गरजच संपली.

तबकड्या मात्र अजून आपल्या कपाटांत आहेत. एके काळी कोऱ्या तबकड्यांच्या धंद्यात जगात अग्रगण्य असलेली आपली मोझर बेअर कंपनी २०१८ मध्ये अवसायनात निघाली, आणि आज बहुतेक नव्या लॅपटॉपना सीडीचा ड्राइव्ह नसतो. त्यातला सेंद्रिय रंग ऊन, उष्णता आणि दमट हवेने उतरतो. सीडीचा चकचकीत थर वरच्या बाजूला, नावाच्या अगदी खाली असतो. म्हणून बॉलपेनने दाबून लिहिलेल्या नावाखालचा भाग आधी जातो. डीव्हीडीत तो थर दोन चकत्यांच्या मधोमध असल्याने ती भीती कमी, पण चिकटवलेल्या कागदी लेबलाने ती हळूहळू वाकते.

ज्यांच्याकडे जुन्या नाटकांच्या, आजी-आजोबांच्या आवाजाच्या तबकड्या आहेत, त्यांनी बाहेरून जोडायचा यूएसबी ड्राइव्ह आणून हे काम याच वर्षी उरकावे. मऊ कापडाने मध्यापासून कडेकडे सरळ पुसा, गोल गोल नाही. गोल ओरखडा माहितीच्या ओळीवरूनच धावतो. एका ड्राइव्हने नाकारली तर दुसऱ्यात घाला, प्रत्येकाची नजर वेगळी असते. डीव्हीडीचे 'व्हिडिओ_टीएस' फोल्डर आणि व्हीसीडीची डॅट फाइल आहे तशीच उतरवा, लगेच रूपांतर करू नका; दोन्ही व्हीएलसीवर चालतात. खराब डीव्हीडीसाठी 'डीडीरेस्क्यू' हा फुकट प्रोग्राम आधी वाचता येणारे सगळे घेतो आणि अडलेल्या जागी नंतर परत परत प्रयत्न करतो. आणि मूळ मिनी-डीव्ही कॅसेट घरात सापडलीच, तर तबकडीच्या आधी तिच्याकडे वळा. तिच्यावर तासाला सुमारे १३ जीबी इतके चित्र आहे, डीव्हीडीवर त्याचा आवळलेला अंशच उतरला होता. फक्त ती वाचायला चालू स्थितीतला हँडीकॅम आणि फायरवायरचे भोक असलेला जुना संगणक लागेल. असा संगणक कोणी भंगारात देत असेल, तर त्याला आधी थांबवा.