रसिकाचा कान आणि नाशिकचें गाणें

गाण्याचा खरा दर्दी कोणत्याहि गांवांत ओळखूं येतो. त्याच्याजवळ तबकड्यांचा संग्रह असतो, कोणत्या बैठकींत कोणी कोणता राग आळविला हें त्याला तिथिवारासह ठाऊक असतें, आणि त्याचीं मतें बहुधा ठरलेलीं असतात. पहिलें मत असें कीं, जें उत्तम होतें तें होऊन गेलें. आतांचें सारें उष्टें. दुसरें असें कीं, खरे मोठे कलावंत बोटांवर मोजण्याइतके; बाकीच्यांचीं नांवेंहि घेण्याचें कारण नाहीं. आणि तिसरें मत, जें तो सर्वांत ठामपणें सांगतो, तें हें कीं, गाण्यांत राजकारण आणूं नये. राजकारण शिरलें कीं सूर गेलाच म्हणून समजावें. हीं मतें केवळ ख्यालाच्या आणि नाट्यपदांच्या रसिकाचींच आहेत असें नाहीं. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत इंग्लंड-अमेरिकेंत गिटार आणि ढोल यांच्या गजरावर जें रॉक नांवाचें संगीत वाढलें, त्याचा जुना भक्तहि हेंच बोलतो. मात्र हीं मतें कितपत टिकतात हें पाहावयाचें झाल्यास फार दूर जावें लागत नाहीं. एकट्या नाशिकचा इतिहास त्यास पुरेसा आहे.

ता. २१ डिसेंबर १९०९ ची रात्र. विजयानंद नाटकगृहांत किर्लोस्कर नाटक मंडळीच्या ‘शारदा’ नाटकाचा प्रयोग होता. जिल्ह्याचे कलेक्टर जॅक्सन यांची बदली झाली होती, आणि त्यांच्या सन्मानार्थ हा खेळ लाविलेला होता. जॅक्सन हे संस्कृताचे व्यासंगी म्हणून प्रसिद्ध होते. ‘शारदा’ हें गोविंद बल्लाळ देवल यांचें १८९९ सालचें नाटक. द्रव्यलोभानें कोवळी मुलगी म्हाताऱ्याच्या गळ्यांत बांधूं पाहणाऱ्या बापाची ती कथा. प्रेक्षक पदें ऐकण्याच्या उत्सुकतेनें जमले होते. पण त्या रात्रीं नाटकगृहांत अनंत लक्ष्मण कान्हेरे या कोवळ्या वयाच्या विद्यार्थ्यानें जॅक्सनवर गोळ्या झाडल्या आणि त्यांचा अंत झाला. पुढें एप्रिल १९१० मध्यें कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे या तिघांस ठाण्याच्या तुरुंगांत फांशी देण्यांत आलें.

या कृत्याच्या मागें ज्या खटल्याचा राग होता तो खटला कविता छापल्याचा होता, हें पुष्कळांच्या ध्यानांत राहत नाहीं. त्याच वर्षीं जून महिन्यांत गणेश दामोदर उर्फ बाबाराव सावरकर यांस जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली, ती ‘लघु अभिनव भारत माला’ या नांवाखालीं कविता प्रसिद्ध केल्याबद्दल. म्हणजे राजकारण दूर ठेवून नुसतें गाणें ऐकावें म्हणून जो रसिक त्या रात्रीं विजयानंदांत येऊन बसला होता, त्याच्या डोळ्यांदेखत घडलेल्या प्रसंगाच्या मुळाशींहि गाणेंच होतें. तें त्याच्या गांवचें होतें, कदाचित् त्याच्या शेजारच्या आळींतलें.

त्या गाण्याचा कर्ता गोविंद त्र्यंबक दरेकर, म्हणजेच कवि गोविंद. त्यांचा जन्म १८७४ चा. पायांनीं पंगु झालेला हा गृहस्थ नाशिकच्या तिळभांडेश्वराच्या गल्लींत राहत असे आणि आरंभीं लावण्या रचीत असे. १९०० च्या सुमारास त्याच गल्लींत सावरकर बंधूंचा ‘मित्रमेळा’ उभा राहिला, आणि गोविंदांची लेखणी लावणीकडून पोवाड्याकडे वळली. गणेशोत्सवांत व शिवजयंतीस तालमीं केलेलीं मुलें हे पोवाडे खड्या आवाजांत म्हणत. विषय अफझलखानाच्या वधाचा वा सिंहगडाचा असे, पण ऐकणारा त्याचा अर्थ आपल्या काळास लावीत असे. खाडिलकरांच्या १९०७ सालच्या ‘कीचकवध’ नाटकाचा अर्थ लोकांनीं अशाच रीतीनें लाविला, आणि १९१० मध्यें सरकारनें तें नाटक बंद केलें.

बैठकीच्या रसिकास या पोवाड्यांत कांहीं ऐकण्यासारखें वाटलें नाहीं, यांत नवल नाहीं. त्यांत आलाप नाहीं, तान नाहीं. चारपांच स्वरांत सारी कथा फिरते. पण पोवाड्याचें सामर्थ्य स्वरांच्या संख्येंत नसतेंच. तें कथेच्या वेगांत, चरणाच्या शेवटच्या ठोक्यांत आणि साथीदारांनीं झेललेल्या ध्रुवपदांत असतें. मोठ्या जमावांतल्या शेवटच्या माणसापर्यंत शब्द स्पष्ट पोहोंचावा, म्हणून चाल मुद्दामच साधी ठेवावी लागते. विशेष असें कीं, रसिकाच्या कानानें जें गाणें म्हणून मानलें नाहीं, तें सरकारच्या कानानें बरोबर ओळखलें व जप्त केलें. कवि गोविंद १९२६ सालीं वारले.

आतां याच गांवांत अगदीं दुसऱ्या टोकाच्या गवयाकडे यावें. कै. पंडित विष्णु दिगंबर पलुसकर यांच्या शास्त्रशुद्ध गायकीविषयीं कोणत्याहि रसिकास शंका नाहीं. जन्म कुरुंदवाडचा, १८७२ चा. लहानपणीं दारूकामाच्या अपघातांत दृष्टि अधू झाली. मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांच्या पायाशीं बसून विद्या मिळविली. १९०१ मध्यें त्यांनीं लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढलें आणि पुढें तें मुंबईस आणलें. संस्थानिकांच्या आश्रयाखालीं असलेलें गाणें त्यांनीं तिकीट लावून चारचौघांपुढें आणलें. घराण्यांतली विद्या वर्गांत शिकविली. स्वरलिपीचीं पुस्तकें छापलीं. गाणाऱ्यास समाजांत मानाची जागा मिळावी, हा त्यांतला हेतु. ज्यास आज आपण निव्वळ संगीतकार्य म्हणतों, तें त्या काळच्या राष्ट्रकार्याचेंच एक अंग होतें.

पंडितजी काँग्रेसच्या अधिवेशनांत ‘वंदे मातरम्’ गात. १९२३ मध्यें काकिनाडा येथें अध्यक्ष मौलाना महंमद अली यांनीं गाण्यास हरकत घेतली. मौलानांची हरकत धर्मश्रद्धेंतून आलेली होती, आणि ती त्यांच्या परीनें प्रामाणिकच होती. पंडितजींनीं ती न जुमानतां गीत पुरें केलें. या प्रसंगीं योग्य कोण, याचा निकाल सुरांच्या शुद्धतेवरून लागत नाहीं. राग, ताल, गळा यांपैकीं कशाविषयींहि तेथें वाद नव्हता. कोणतें गीत कोणापुढें गावें एवढाच वाद होता. आणि अशा वादास राजकारण याखेरीज दुसरें नांव नाहीं.

मुंबईची इमारत कर्जापायीं लिलावांत गेल्यावर पंडितजींचें चित्त नाशिकच्या रामनाम आधाराश्रमांतच रमलें. ख्याल मागें पडला, भजन पुढें आलें. १९३१ मध्यें मिरजेस त्यांचें देहावसान झालें. त्यांचे पुत्र दत्तात्रेय, ज्यांस सारें जग डी. व्ही. पलुसकर म्हणून ओळखतें, ते नाशिकासच १९२१ मध्यें जन्मले. पंचवटींत इंद्रकुंडापाशीं पंडितजींच्या नांवाचें सभागृह आहे.

१९३० च्या मार्च महिन्याकडे थोडें थांबून पाहिलें पाहिजे. ता. १२ मार्चला महात्मा गांधी साबरमतीहून दांडीस निघाले, तेव्हां त्यांच्या तुकडींत पंडितजींचे शिष्य नारायण मोरेश्वर खरे होते, आणि वाटेनें रामनामाचा घोष चालला होता. त्याच्या बरोबर दहा दिवस आधीं, ता. २ मार्चला, नाशिकास पंचवटींत काळाराम मंदिराच्या दारापुढें डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखालीं अस्पृश्यांचा सत्याग्रह सुरू झाला होता. दादासाहेब गायकवाड त्याचे प्रमुख कार्यकर्ते. दारें बंद झालीं, रामनवमीस रथाच्या वेळीं दगड पडले, आणि १९३४ पर्यंत लढा चालूनहि देवाचें दार उघडलें नाहीं. ज्या रामाचें नांव एका वाटेवर देशास जागें करीत होतें, त्याच रामाचें दर्शन दुसऱ्या वाटेवर माणसांस नाकारलें जात होतें. पुढें याच जिल्ह्यांत येवलें येथें ता. १३ ऑक्टोबर १९३५ रोजीं डॉ. आंबेडकरांनीं हिंदु म्हणून न मरण्याचा निश्चय जाहीर केला.

या लढ्यासहि गाणें होतें, परंतु तें बैठकीच्या रसिकानें ऐकलेंच नाहीं. तें जलशांतलें गाणें. भीमराव कर्डक यांनीं नाशिक जिल्ह्यांत जलशाची मंडळी उभी केली, आणि ती गांवोगांव हिंडली. जलशाची घडण तमाशाची. पण सत्यशोधकांनीं तिच्यांत आधींच फेरफार केले होते, आणि आंबेडकरी जलशानें ते पुढें नेले. गणाच्या जागीं बाबासाहेबांचें वंदन आलें, आणि वगांत राजाराणीऐवजीं सावकार, भटजी व शाळेंत जाऊं पाहणारें पोर आलें. ढोलकी, तुणतुणें, झांज आणि मिळाली तर पेटी, एवढें साहित्य. दिवसभर मोलमजुरी करून आलेला, अक्षरओळख नसलेला समाज कंदिलाच्या उजेडांत बसून ऐके. सभेंतलें भाषण ज्याच्या डोक्यावरून जाई, त्याच्या तोंडीं जलशांतलें पद दुसऱ्या दिवशीं शेतांत असे. या जलशांचें स्वरूप व कार्य कर्डकांनीं पुढें पुस्तकरूपानें लिहून ठेविलें, म्हणून तें आज कळतें. ज्यांनीं लिहून ठेविलें नाहीं, अशा मंडळ्यांचीं नांवेंहि लोपलीं.

सिन्नर तालुक्यांतील देशवंडीचे वामनदादा कर्डक हे याच परंपरेंतले. जन्म १५ ऑगस्ट १९२२ चा. लिहिणेंवाचणें ते मुंबईस मोठेपणीं शिकले, आणि १९४३ मध्यें त्यांनीं पहिलें गीत रचलें, तें चित्रपटांतल्या गाण्याच्या चालीवर. रसिक येथें नाक मुरडतो: चाल उसनी, मग मोल कसलें? पण उसनी चाल ही येथें गरिबाची सोय आहे. चाल ओळखीची असली कीं ऐकणारा सुरांत अडकत नाहीं, शब्द एकदांच ऐकून घरीं नेतो. संतांनीं लोकांच्या मुखांतले छंद उचलले, नाटककारांनीं ठुमऱ्या-गझलांच्या चाली नाट्यपदांस लाविल्या; त्यांस कोणी उसनवारी म्हणत नाहीं. वामनदादा २००४ मध्यें वारले, आणि त्यांचीं पदें आजहि गांवोगांवच्या जयंत्यांतून गाइलीं जातात.

रसिकाचें मत हें त्याचें खाजगी मत असतें तोंवर ठीक. पण त्याच्या हातीं सत्ता आली म्हणजे काय होतें, याचें उदाहरण नभोवाणीच्या इतिहासांतच आहे. १९४० पासून सुमारे तीस वर्षें पेटी, म्हणजे हार्मोनियम, नभोवाणीवर वर्ज्य होती. ती परकी आणि श्रुतींस मारक, असें कारण. १९५२ मध्यें नभोवाणी खात्याचे मंत्री झालेले डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे शास्त्रीय संगीताचे निस्सीम भोक्ते. नभोवाणी संगीत सभा त्यांच्याच काळांत सुरू झाली, व तिचा लाभ थोर गवयांस झाला. पण चित्रपटगीतांस त्यांनीं नभोवाणीवर जवळजवळ मज्जाव केला, तेव्हां श्रोते सुया फिरवून सिलोनकडे गेले. शेवटीं १९५७ मध्यें ‘विविध भारती’ काढावी लागली. गंमत अशी कीं, ज्या १९५२ मध्यें हें धोरण आलें, त्याच वर्षीं ‘बैजू बावरा’ या चित्रपटांत नाशिकच्या डी. व्ही. पलुसकरांनीं अमीर खांसाहेबांबरोबर गाइलें होतें. शुद्ध आणि अशुद्ध यांमधली भिंत खुद्द गवयानेंच ओलांडली होती.

परदेशांतहि हाच अनुभव. १९६५ मध्यें अमेरिकेंत न्यूपोर्टच्या उत्सवांत बॉब डिलन यांनीं विजेची गिटार हातीं घेतली, तेव्हां त्यांचे कांहीं भक्त चिडून ओरडले. त्यांस जुने निषेधगीतच हवें होतें. तेथें गाण्यांत राजकारण असावें हाच रसिकाचा हट्ट होता! आणि १९७३ मध्यें चिली देशांत लष्करानें सत्ता बळकावतांच व्हिक्टर हारा या गायकास ठार मारलें. गाण्यास राजकारणाशीं कर्तव्य नसेल. राजकारणास गाण्याशीं असतें.

तेव्हां रसिकाच्या मतांत तथ्य मुळींच नाहीं काय? थोडें आहे. हेतु थोर म्हणून बेसूर गाणें सुरेल होत नाहीं. प्रचारासाठीं घाईनें जुळविलेलीं शेंकडों पदें सभेबरोबरच विरलीं, आणि त्यांबद्दल कोणी हळहळूं नये. उत्तम आणि सुमार हा निवाडा रसिकानें केलाच पाहिजे. पण निवाडा ऐकल्यानंतरचा असावा. विजयानंदांतल्या प्रेक्षकानें गोविंदांचा पोवाडा ऐकून तो नापसंत केला असता, तर तें मत झालें असतें. गल्लींतला म्हणून ऐकलाच नाहीं, हें मत नव्हे. जलशाचेंहि तसेंच. पेटी, ढोलकी व तुणतुण्याची मंडळी रात्रीं ज्या वस्तींत गात होती, ती वस्ती बैठकीपासून कांहीं हजार कोस दूर नव्हती. त्या वस्तीकडे जाणारी वाट तेवढी रसिकानें आपल्यासाठीं बंद ठेविली होती. काळारामाचें दार बंद ठेवणारे दुसरे होते. कानाचें दार ज्याचें त्यानेंच लावलेलें असतें, आणि म्हणून तें उघडण्यास सत्याग्रह लागत नाहीं.

सिन्नर, येवलें, निफाडच्या गांवांतून ज्यांच्या आज्यांस जलशांतलीं पदें पाठ आहेत, अशीं घरें अजून सांपडतील. गाण्याच्या दर्द्यानें आपला संग्रह बाजूस ठेवून तेथें एकदां जावें, पदें उतरून घ्यावींत, कोणीं रचलें तें नांव विचारावें. आणि मग सुखानें सांगावें कीं यांतलें चांगलें कोणतें आणि सुमार कोणतें.