जन्मगाव : वेल्स

२०२१च्या पावसाळ्यात मी सात आठवडे लंडनमध्ये राहत होतो. म्हणजे होतो नगरलाच, सावेडीतल्या घरी, कारण ऑफिस बंद होतं आणि पुण्यातल्या खोलीचं भाडं भरत बसण्यात अर्थ नव्हता. पण आठवड्यातून तीन दिवस संध्याकाळी पाच वाजता लॅपटॉप उघडला की माझं नाव अ‍ॅलन व्हायचं आणि मी कोरियातल्या एका दहा वर्षांच्या मुलाला इंग्रजी शिकवायचो. त्याच्याकडे रात्रीचे साडेआठ वाजलेले असत. लंडनमध्ये दुपारचे साडेबारा. हे विसरू नये म्हणून मी स्क्रीनच्या कोपऱ्यात लंडनचं घड्याळ लावून ठेवलं होतं. एकदा त्यानं विचारलं, जेवलास का, काय खाल्लंस? स्वयंपाकघरातून कांदाभज्यांचा वास येत होता. मी म्हटलं, सँडविच. तेवढ्यात खालून ‘भंगाऽऽर’ अशी आरोळी आली. हे काय, असं त्यानं विचारल्यावर मी काय सांगितलं ते इथे लिहायची लाज वाटते.

मला खरं तर परदेशात जाऊन शिकवायचं होतं. चार वर्षं कोड लिहून कंटाळलो होतो, आणि सोल किंवा तोक्योमध्ये एक-दोन वर्षं इंग्रजी शिकवून जग बघणाऱ्या गोऱ्या मुलामुलींचे व्हिडिओ बघून बघून तेच डोक्यात बसलं होतं. एकशेवीस तासांचं प्रमाणपत्रही मिळवलं. मग कळलं की कोरियात इंग्रजीच्या मास्तरांसाठी जो नेहमीचा व्हिसा आहे, त्याला पासपोर्ट सात देशांपैकीच एकाचा लागतो : अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका. तुमचं इंग्रजी कसं आहे हा प्रश्न त्यानंतरचा. मग एका मध्यस्थानं ऑनलाइन शिकवणीचा मार्ग सुचवला. तिथे व्हिसा लागत नाही, फक्त नाव बदला आणि ‘लंडनमध्ये वाढलो’ म्हणा, पालक तेवढंच बघतात, असं त्यानं अगदी सहज सांगितलं. मीही तितक्याच सहज ऐकलं.

याच काळात मला अ‍ॅना लिओनोवेन्स भेटली. ‘द किंग अँड आय’ हा सिनेमा पूर्वी कधीतरी टीव्हीवर पाहिला होता : टकलू राजा, फुगीर झग्यातली गोरी मास्तरीण, दोघांचा नाच. ती बाई खरोखर होऊन गेली, १८६२ ते १८६७ अशी पाच वर्षं तिनं सयामच्या म्हणजे आजच्या थायलंडच्या राजवाड्यात इंग्रजी शिकवलं, एवढं ऐकून होतो. पण तिचा जन्म नगरचा आहे हे मला कोणी सांगितलं नव्हतं. भिंगारच्या कँपात रणगाडे बघायला शाळेची सहल गेली होती तेव्हाही नाही.

तिनं स्वतः जे सांगितलं ते असं. जन्म १८३४, वेल्समधलं कारनार्वन. माहेरचं नाव क्रॉफर्ड. वडील लष्करात कॅप्टन, हिंदुस्थानात लढाईत मारले गेले. आपण शिक्षण संपवून पंधराव्या वर्षी आईकडे हिंदुस्थानात आलो. नवरा मेजर, वाघाच्या शिकारीला गेला असता ऊन लागून वारला.

आणि कागदपत्रं सांगतात ते असं. जन्म नोव्हेंबर १८३१, अहमदनगर. नाव अ‍ॅन हॅरिएट एमा एडवर्ड्स. वडील टॉमस एडवर्ड्स हे मूळचे मिडलसेक्सचे, फर्निचरचं काम करणारे सुतार. मुंबई इलाख्याच्या सॅपर्स अँड मायनर्स पलटणीत सार्जंट झाले आणि अ‍ॅना जन्मायच्या आधीच वारले. आई मेरी अ‍ॅन ग्लासकॉट, एका इंग्रज लेफ्टनंटची मुलगी. या लेफ्टनंटचं नाव-गाव-पलटण सगळं नोंदलेलं आहे, त्याच्या बायकोचं मात्र नावच नाही. ती बहुधा हिंदुस्थानी किंवा मिश्र रक्ताची असावी, असं चरित्रकार मानतात. कंपनी सरकारच्या दप्तरात ज्या बाईचं नाव लिहायची गरज कोणाला वाटली नाही, ती कोण असेल हे आपल्याला ओळखता येतंच.

आईनं पॅट्रिक डोनोहो नावाच्या आयरिश शिपायाशी दुसरं लग्न केलं. अ‍ॅना पलटणीच्या वस्तीत, सैनिकांच्या बायकापोरांत वाढली. भायखळ्याला गरीब युरोपीय आणि अँग्लो-इंडियन मुलामुलींसाठी बॉम्बे एज्युकेशन सोसायटीची शाळा होती, तिथे ती शिकली असं तिचे अभ्यासक म्हणतात. १८४९च्या नाताळात पुण्यात तिचं लग्न झालं. नवरा टॉमस लिऑन ओवेन्स मेजर नव्हता, कारकून होता. पहिली मुलगी दीड वर्षाचीही झाली नाही. दोघं बोटीनं ऑस्ट्रेलियाला गेली. वाटेत झालेलं दुसरं मूलही जगलं नाही. पर्थला अ‍ॅनानं मुलींची शाळा काढायचा प्रयत्न केला, तो फसला. पुढे एव्हिस आणि लुई ही दोन मुलं झाली, ती जगली. तिथूनही पाय निघाला. नवऱ्याला पेनांगला हॉटेल चालवायचं काम मिळालं आणि १८५९च्या मे महिन्यात तिथेच तो वारला. शिकार नाही, वाघ नाही.

सत्तावीस वर्षांची विधवा, दोन लहान मुलं, गाठीला काही नाही. सिंगापूरला येऊन तिनं इंग्रज अधिकाऱ्यांच्या मुलांसाठी शाळा उघडली, आणि वेल्सचं सगळं कथानक इथेच जन्माला आलं. नवऱ्याच्या नावातले दोन तुकडे जोडून ‘लिओनोवेन्स’ हे भारदस्त आडनाव तयार झालं होतंच.

माझं वय तेव्हा तेवढंच होतं, सत्तावीस. त्यामुळे मी या ठिकाणी बराच रेंगाळलो. आपण फार मोठं खोटं बोलतोय असं तिला वाटलं असेल का? मला वाटतं, तिला बाजारभाव नेमका कळला होता. तिचं इंग्रजी चांगलंच होतं, पुढे त्याच इंग्रजीवर तिनं पुस्तकं लिहिली आणि अमेरिकेत व्याख्यानं दिली. पण नगरच्या सार्जंटच्या, आजीचं नाव न सांगता येणाऱ्या मुलीकडे कुठला इंग्रज अधिकारी आपली मुलं पाठवणार होता? तेच इंग्रजी, त्याच तोंडातलं, वेल्सहून आलं म्हटल्यावर चाललं. भाषा तिची तिनं कमावली होती. विकायला मात्र जन्म लागत होता.

१८६२ मध्ये सयामचे सिंगापूरमधले वकील, चिनी व्यापारी तान किम चिंग, यांच्यामार्फत तिला बोलावणं आलं. राजा मोंगकुटला इंग्रजी मास्तरीण हवी होती. सिनेमातला हातवारे करणारा अर्धवट राजा आणि हा माणूस यांचा काही संबंध नाही. गादीवर येण्याआधी मोंगकुट सत्तावीस वर्षं बौद्ध भिक्षू होता. त्यानं फ्रेंच बिशपकडून लॅटिन आणि अमेरिकन मिशनऱ्यांकडून इंग्रजी शिकून घेतलं होतं, खगोलशास्त्राचं तर त्याला वेडच होतं. ब्रह्मदेशाचे लचके इंग्रज तोडत होते, पूर्वेकडे फ्रेंच पाय रोवत होते आणि १८५५च्या करारानं सयामची बाजारपेठ इंग्रजांना खुली झाली होती. इंग्रजी न येणारा राजा पुढच्या पिढीत राज्य राखू शकणार नाही, हा त्याचा हिशेब होता. आधी मिशनऱ्यांच्या बायका राजवाड्यात शिकवायला येत, पण त्या शिकवता शिकवता येशूकडे वळायच्या. म्हणून अ‍ॅनाला पाठवलेल्या पत्रातच राजानं स्पष्ट केलं होतं : भाषा, विज्ञान, साहित्य शिकवा, धर्मांतर नको. नोकरीच्या कराराचा मसुदा म्हणून आजही खपेल असं ते पत्र आहे.

मुलीला तिनं इंग्लंडला शाळेत धाडलं आणि पाच वर्षांच्या लुईला घेऊन बँकॉक गाठलं. राजाच्या राण्या आणि मुलं हा तिचा वर्ग. राहायला वाड्याबाहेर स्वतंत्र घर हवं, यावरून बाईंनी राजाशी वाद घातला, असं तिनंच लिहिलंय. हळूहळू राजाच्या परदेशी पत्रव्यवहाराचं कामही तिच्याकडे आलं, म्हणजे शिकवणी एकाच पगारात आणि सचिवगिरी वर फुकट. (आयटीतल्या वाचकांना हे वेगळं समजावायला नको.) १८६७ मध्ये ती तब्येतीच्या कारणानं रजेवर गेली आणि रजेवरूनच वाढीव अटींवर परतायची बोलणी सुरू केली. ती चालू असताना, १ ऑक्टोबर १८६८ला मोंगकुट वारला. खग्रास सूर्यग्रहण बघायला गेला असताना त्याला मलेरिया झाला होता. पंधरा वर्षांचा विद्यार्थी चुलालोंगकॉर्न गादीवर आला. त्यानं बाईंना आभाराचं छान पत्र पाठवलं, परत बोलावलं नाही.

मास्तरीण म्हणून ती यशस्वी होती, असं मला वाटतं. चुलालोंगकॉर्न तिला विसरला नाही, १८९७ मध्ये लंडनला तो तिला भेटलाही. पण नंतर तिनं जे लिहिलं त्याचा थायलंडमध्ये राग आहे आणि तो योग्य आहे. ‘द इंग्लिश गव्हर्नेस अ‍ॅट द सायमीज कोर्ट’ १८७०चं, त्यानंतर जनानखान्यावरचं दुसरं पुस्तक. त्यांत राजा क्रूर आणि लहरी होत गेला. राजवाड्याखाली तळघरातल्या अंधारकोठड्या आल्या. बँकॉकची जमीन इतकी पाणथळ की तिथे तसली तळघरं टिकणारच नाहीत, ही शंका कुठल्याही सिव्हिलवाल्याला यावी. चुलालोंगकॉर्ननं गुलामगिरी टप्प्याटप्प्यानं, १८७४ ते १९०५ अशी तीसेक वर्षं खपून मोडली. त्याचं श्रेय बाईंच्या शिकवणीनं आपल्याकडे ओढलं. १९४४च्या मार्गारेट लँडनच्या पुस्तकानं आणि १९५१च्या संगीतिकेनं उरलेलं काम केलं. सिनेमावर थायलंडमध्ये बंदी आली, १९९९च्या नव्या सिनेमावरही. जन्माबद्दलच्या खोट्यानं नुकसान झालं ते मुख्यतः तिचं. या दुसऱ्या खोट्याची किंमत मात्र ज्यांनी तिला पोसलं त्यांनी मोजली. ही दोन खोटी एकाच तागडीत मला घालता येत नाहीत.

वेल्सची गोष्ट शंभरहून जास्त वर्षं टिकली. ती उघडी पाडली डब्ल्यू. एस. ब्रिस्टो यांनी, आणि हे गृहस्थ इतिहासकार नव्हते, कोळ्यांचे अभ्यासक होते. जाळी विणणाऱ्या कोळ्यांचे. सयाममध्ये सागवानाचा मोठा व्यापारी झालेल्या लुईचं चरित्र लिहायला घेतलं तर त्याचीच जन्मनोंद लंडनमध्ये सापडेना. शोध घेता घेता त्याच्या आईचं मूळ हिंदुस्थानात सापडलं. त्यांचं पुस्तक १९७६ मध्ये आलं, पुढे सुझन मॉर्गन यांनी लिहिलेल्या चरित्राचं नावच ‘बॉम्बे अ‍ॅना’ आहे.

ज्या बहिणीमुळे पितळ उघडं पडलं असतं, त्या थोरल्या एलायझाशी अ‍ॅनानं संबंध तोडले होते. एलायझा हिंदुस्थानातच राहिली, पंधराव्या वर्षी तिचं लग्न झालं. तिच्या मुलीचा सर्वांत धाकटा मुलगा विल्यम हेन्री प्रॅट १९०९ मध्ये कॅनडाला गेला आणि नाव बदलून नट झाला : बोरिस कार्लोफ, हॉलिवुडचा फ्रँकेन्स्टाइनचा राक्षस. त्याच्या आजीची ही सख्खी बहीण तेव्हा माँट्रियलला राहत होती. दोघंही बनवलेल्या नावांची, एकाच देशात. १९ जानेवारी १९१५ला ती तिथेच वारली. हॅलिफॅक्सला तिनं पुढाकार घेऊन उभ्या केलेल्या कलाशाळेच्या गॅलरीला आज तिचं नाव आहे.

पुण्यात लग्न होऊनही पुढे हिंदुस्थानावर पुस्तक लिहिताना तिनं स्वतःला बोटीतून नुकती उतरलेली इंग्रज पोर म्हणूनच रंगवलंय. ज्या मुलखात आपण जन्मलो तो पहिल्यांदा बघितल्यासारखा वर्णन करायचा, हे किती अवघड काम असेल. मला तर सात आठवड्यांत एक सँडविच नीट सांभाळता येत नव्हतं.

त्याच आठवड्यात एकदा तास संपायच्या वेळी आई चहा घेऊन दारात उभी राहिली. स्क्रीनवरचा मुलगा हात हलवत मोठ्यानं ‘बाय अ‍ॅलन’ म्हणाला. मी लॅपटॉप मिटला.

“अ‍ॅलन कोण रे?” आईनं विचारलं.

“ऑफिसातला आहे एक,” मी म्हटलं.