म्हैसूरची जप्ती : एक घटनाक्रम

३२ वर्षे आधी (३० जून १७९९)
टिपू पडून दोन महिनेही झालेले नाहीत. पाच वर्षांच्या कृष्णराज वडियारांना म्हैसूरच्या गादीवर बसवलं जातं. पाठोपाठ ईस्ट इंडिया कंपनीचा तह येतो : तैनाती फौजेपोटी दरसाल ७ लाख होन, म्हणजे साडेचोवीस लाख रुपये. या तहातलं चौथं कलम नीट वाचावं. हप्ता थकला तर मुलूख घेऊ, असं ते म्हणत नाही. हप्ता थकेल अशी गव्हर्नर जनरलला रास्त शंका आली, तरी मुलूख कंपनीच्या ताब्यात. आणि शंका रास्त आहे की नाही, हे ठरवणार कोण? सावकारच!

२० वर्षे आधी (१८११)
दिवाण पूर्णय्या निवृत्त होतात. हैदर आणि टिपूचाही जमाखर्च सांभाळलेला हा माणूस. जाताना खजिन्यात दोन कोटींवर रुपये.

६ वर्षे आधी (सप्टेंबर १८२५)
ती शिल्लक उडालेली आहे. मद्रासचा गव्हर्नर मन्रो स्वतः येऊन महाराजांना तंबी देतो. इनामं, देणग्या, दरबारी थाट. महाराजांचा हात सैल होताच. पण याच काळात दक्षिणेत धान्याचे भाव घसरत होते आणि शेतसाऱ्याचा रोख आकडा होता तिथेच होता, हे सांगायला लोक विसरतात. त्यात 'शर्ती'ची पद्धत : ठराविक वसूल आणीन, असं अमलदाराने लिहून द्यायचं, तूट आली तर पदरची भरायची. पदरची कोण भरतो? रयतेला पिळलं जातं.

१४ महिने आधी (ऑगस्ट १८३०)
म्हैसूर राज्याच्या नगर प्रांतात रयत उठते. बंड मोडायला अखेर कंपनीचीच फौज लागते.

१,००८ तास आधी (७ सप्टेंबर १८३१)
गव्हर्नर जनरल बेंटिंकच्या पत्रावर ही तारीख पडते. गैरकारभार आहे, हप्ता धोक्यात आहे. सबब राज्य ताब्यात द्यावं.

शून्य तास (१९ ऑक्टोबर १८३१)
दसरा नुकताच झालेला. महाराज मुकाट्याने कारभार सोडतात. त्यांना सालीना साडेतीन लाख रुपये आणि निव्वळ वसुलाचा पाचवा हिस्सा. नव्या कमिशनचे वरिष्ठ कमिशनर जॉन ब्रिग्ज.

नंतर
चौकशी समिती बसली, तीही जप्तीनंतर. १८३४ मध्ये बेंटिंकनेच कबूल केलं की हप्त्याला तातडीचा धोका दिसत नव्हता. राज्याचा काही भाग परत द्यावा, असंही त्याने सुचवलं. लंडनने ऐकलं नाही. कृष्णराज १८६८ मध्ये वारले, राज्य न मिळताच.

ते परत मिळालं २५ मार्च १८८१ रोजी, त्यांच्या दत्तक पुत्राला. मधल्या १८७६–७८ च्या दुष्काळात सुमारे १० लाख माणसं दगावली होती. परत मिळालेल्या राज्यावर इंग्रज सरकारचं ८० लाखांचं कर्ज होतं आणि साडेचोवीस लाखांचा हप्ता पुढे ३५ लाख करायचं ठरलं होतं.